पोस्टाच्या पायरीपासून तीस पावलं

नागभीडच्या बाजारपेठेतला रस्ता दोन महिन्यांपासून खणून ठेवला होता. पाण्याची नवी लाईन, गटार, केबल, सगळं एकदमच जमिनीखाली जायचं होतं. दुकानदार वैतागले होते, लटारू मात्र भलताच खुशीत होता. एकोणतीस वर्षं तो या गावाचा व्हॉल्वमन होता, आणि रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी आपले नळ जमिनीखाली दिसतात कसे, हे बघायची त्याची हौस काही फिटली नव्हती. रोज सकाळी चहा घशाखाली उतरला की स्वारी खड्ड्याच्या काठावर हजर.

जुन्या लाईनचा नकाशा कुणी काढलाच नव्हता. होती ती फक्त लटारूची वही, नोकरीला लागला त्या वर्षी लिहिलेली. तिच्यावरच इंजिनियर मयुरीची सगळी मदार होती. सात आणि आठ नंबरचे व्हॉल्व खोदताना आपोआप उघडे पडले होते. आता हवा होता नऊ नंबर, बाजाराचं सगळं पाणी बंद करणारा. वहीत लिहिलं होतं : पोस्टाच्या पायरीपासून तीस पावलं, बाजाराच्या दिशेनं.

लटारूनं पायरीला टाच लावली, मोठ्यानं मोजत तीस पावलं चालला आणि म्हणाला, "इथी खोदा."

खोदलं. मुरूम निघाला, बाटलीची झाकणं निघाली, व्हॉल्व काही निघाला नाही.

"भाऊ, आता एकच खड्डा करतो," खोदाईचा मुकादम प्रवीण म्हणाला. "नाई सापडला तर उद्या पाणी चालू असतानाच लाईन तोडतो. मग आठ दिवस टँकर."

"लटारूभाऊचा व्हॉल्व पाय फुटून पळाला," पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं. बघे हसले. लटारूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गावाला रोज वेळेवर पाणी सोडलं, त्याच गावाला आता आपल्या वहीपायी टँकरमागे पळावं लागणार! त्यानं वही मिटून खिशात घातली आणि तो घरी निघाला.

मयुरी मात्र त्याच्या पायांकडे बघत होती.

"भाऊ, थांबा. वहीत सातपासून आठपर्यंत किती पावलं लिहिली आहेत?"

"चाळीस. काऊन?"

तिनं टेप काढला, एक टोक प्रवीणच्या हातात दिलं आणि दोन्ही उघड्या व्हॉल्वमधलं अंतर मोजलं. एकतीस मीटर वीस सेंटीमीटर भरलं. मग तिनं पायरीपासून मघाच्या खड्ड्यापर्यंत टेप धरला. साडेसोळा मीटर. मोबाईलवर भागाकार करून ती गालात हसली.

"वही खरी आहे, भाऊ. तेव्हा तुमचं पाऊल अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटरचं होतं. आज पंचावन्नचं आहे."

लटारूला आधी उमगेचना. मग त्यानं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. माणसाचे केस पिकतात, दात पडतात, हे त्याला ठाऊक होतं. पाऊलही आखडतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मी तेवढा चाललोच नाई?"

"सात मीटर कमी चालले."

तेवीस मीटर चाळीस सेंटीमीटरवर मयुरीनं चुन्याची खूण केली. प्रवीणनं तोंड वाकडं केलं, पण मशीन लावलं. चार फुटांवर खण्णकन आवाज आला, तशी सगळी पेठ खड्ड्यावर वाकली.

लटारू हट्टानं स्वतः खाली उतरला. लांब दांड्याची जुनी चावी त्यानं घरून मागवली, व्हॉल्ववर बसवली आणि दांड्याला कान लावून हळूहळू फिरवू लागला. त्याची ही जुनीच रीत होती. पाणी आधी घरघरलं, मग कुजबुजलं, मग गप्प झालं.

"झोपलं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

वर आल्यावर त्यानं मयुरीच्या नव्या नकाशात डोकावून पाहिलं. "हे मीटर म्हातारपणी कमी तर होत नाई ना, बाई?"

"नाही होत, भाऊ."

"मंग तेच लिहा. माझ्या पावलाचं आता काही खरं नाई."

मयुरीनं लिहिलं : नऊ नंबर, पोस्टाच्या पायरीपासून २३.४० मीटर. मग जरा थांबून कंसात भर घातली : लटारूभाऊंची तीस पावलं.