मुलाला पुरेल असं कार्ड

तीन आठवडे खपून मी नव्या कॉम्प्युटरच्या सामानाची यादी केली होती. प्रोसेसर मधला, कारण माझ्या गेमला त्याहून वरचा लागत नाही. डबा साधा पत्र्याचा. पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला, कारण तो फुसका निघाला की बाकीच्यांनाही घेऊन बुडतो. आणि सगळीकडून चिमटे काढून वाचवलेले पैसे ग्राफिक्स कार्डासाठी, आठ जीबीच्या. अंथरूण पाहून पाय कसे पसरायचे ते मला कुणी शिकवायला नको. मी दातांच्या कवळ्या बनवते. केसाएवढा फरक राहिला तरी समोरच्याच्या हिरड्या सोलून निघतात.

मला शनिवारी सुट्टी नव्हती म्हणून दुकानात आमचे हे गेले.

"यादीतलंच आणा," मी दोनदा बजावलं.

"मला वाचता येतं," हे म्हणाले.

संध्याकाळी घरी आलं काय, तर काचेचा डबा, सात रंगांत लुकलुकणारे पंखे आणि चार जीबीचं कार्ड!

"पंख्यांचे वेगळे पैसे नाही घेतले त्याने," हे खुशीत म्हणाले. "कार्डही एवढं पुरतं म्हणाला."

पुरतं? दर रविवारी दुपारी आम्ही चौघी खेळतो, चौघी चार गावांत. माझ्या जुन्या मशीनवर ऐन वेळी चित्र अडकायचं आणि समोरचा मला टिपून मोकळा व्हायचा. 'ताई गेली' हे ऐकून कान किटले होते. एवढ्यासाठी तर नवीन घेत होते मी, स्वतःच्या कमाईतून. आणि हे दिवे लावून आले!

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड पिशवीत घातलं आणि यांनाही बरोबर घेतलं. यायला तयार नव्हते. "मी एकटा बदलून आणतो ना," असं तीनदा म्हणाले. मी ऐकते कशाला?

दुकानदार बाटलीच्या झाकणात स्क्रू निवडत होता. मला ओलांडून त्याने यांनाच विचारलं, "काय साहेब, मुलाला नाही आवडलं?"

"कुठला मुलगा?" मी विचारलं.

"तुमचा, वहिनी. सोळाचा आहे, भारी खेळतो, सांगितलं ना साहेबांनी. पण यंदा अभ्यासाचं वर्ष. म्हणून मीच म्हटलं, हलकं कार्ड न्या. भारीतलं दिलंत तर पुस्तकाला हात लावायचा नाही तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्हाला मूलबाळ नाही. चव्वेचाळीस वर्षांची बायको गेम खेळते हे सांगायची लाज वाटली म्हणून या माणसाने आख्खा मुलगा पैदा केला, त्याला परीक्षेला बसवलं आणि त्याच्या अभ्यासापायी माझं कार्ड कापू दिलं!

"खेळणारी मी आहे," मी दुकानातल्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "माझी कुठलीही परीक्षा नाही. यादीतलं कार्ड काढा."

त्याने मुकाट्याने काढलं. वरचे पैसे मी भरले. हे तेवढा वेळ भिंतीवरच्या वायरी बघत उभे होते.

रस्त्यात मी यांना धारेवर धरलं. "एवढी लाज वाटते माझी? भाचा म्हणायचं, शेजारचा म्हणायचं. मुलगाच का सुचला? आणि सोळाचाच का?"

हे खोका छातीशी धरून चालत राहिले. कोपऱ्यावर थांबले.

"तेवढा झाला असता," म्हणाले.

सोळा वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात आम्ही दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आलो होतो. त्यानंतर यांनी तो विषय एकदाही काढला नाही. विसरले असं मी धरून चालले होते, आणि त्याचाही राग मनात होता. आता तरी राग विझायला हवा होता. नाही विझला. सोळा वर्षं हा माणूस एकटाच त्याचं वय मोजत होता आणि सांगितलं कुणाला, तर स्क्रू विकणाऱ्याला! मला नाही!

 जे तोंडाला आलं ते भर रस्त्यात, फाटलेल्या आवाजात बोलले.

"आणि त्यालाही असलंच फुसकं कार्ड आणून दिलं असतंत?"