जवाईबापूंचे मुनवे

जावई सासुरवाडीला येतो तेव्हा दाराशी चपला काढतो, पाय धुतो, पाटावर टेकतो. चंपतराव मात्र चपलांसकट सरळ परसात जायचे, हात मागे बांधायचे आणि सासूच्या, रुखमाबाईच्या, केळीच्या बेटाकडे पाहून म्हणायचे, "चुकीचं आहे हे सगळं, मामी." चहापाणी त्यानंतर. लग्नाला सात वर्षं झाली, पण धरमपेठेतल्या त्या घरात या माणसाला एक गोष्ट बरोबर सापडली नव्हती. वरण पातळ, पाट उंच, अन् न्हाणीचं पाणी केळीला सोडणं म्हणजे तर निव्वळ अडाणीपणा.

चंपतराव कळमेश्वरला खताच्या एका गोदामात कारकून होते. पोत्यांच्या पावत्या फाडता फाडता शेतीचं सगळं ज्ञान आपल्या अंगात मुरलं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

रुखमाबाईची शाळा दुसरीच्या पुस्तकात अर्ध्यावर सुटली होती. पण ते बेट तिनं उभं केलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परतताना तिनं लुगड्याच्या गाठोड्यात एक मुनवा आणला होता. केळीच्या बुडाशी पिल्लू फुटतं, तो मुनवा. त्या एकाचं बेट झालं. गल्लीतल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवाला केळीचे खुंट रुखमाबाईच्या परसातूनच जायचे. भटजींना न विचारता लोक तारीख काढत, पण रुखमाबाईला विचारल्याशिवाय मांडव घालायची कोणाची छाती नव्हती.

मागच्या पावसाळ्यात चंपतरावांनी आपल्या साहेबाच्या बागेतले तीन मुनवे आणले. सुधारित जात. रुखमाबाई विळा घेऊन बसली.

"हां हां, मामी! काय करता हे?"

"कंद तासून राहिले. माह्या माहेरी बाहेरचा मुनवा पांढरा होईस्तोवर तासल्याबिगर मातीत जात नाही."

"साहेबाच्या बागेतला माल आहे तो! त्याला विळा लावता?"

मागून चंपतरावांच्या बायकोनं, देवकीनं, आईला डोळे मोठे केले. जावयानं आणलेल्या वस्तूला विळा लावणं म्हणजे जावयाचं नाक कापणं. रुखमाबाईनं विळा खाली ठेवला. जावयाची भेट कुंपणाशी तरी कशी लावणार? तीनही मुनवे बेटाच्या ऐन मध्ये, मानाच्या जागी गेले. जन्मात ती एवढं एकदाच गप्प बसली, आणि तेच भोवलं.

यंदा अधिक श्रावण आला. वारा नाही, वादळ नाही, आणि ती तीन झाडं एकामागून एक आडवी झाली. पाठोपाठ शेजारच्या दोन जुन्या केळींचे मधले कोवळे पोंगे पिवळे पडले. चंपतराव पावडर घेऊन धावत आले. नाकाला रुमाल बांधून त्यांनी पानन्‌पान पांढरं केलं, वर वाळत घातलेल्या लुगड्यांनाही प्रसाद दिला. आठव्या दिवशी त्या दोन केळीही पडल्या.

"साबणाचं पाणी," चंपतरावांनी निकाल दिला. "मुळं सडली. पुढच्या रविवारी मी जेवायला येणारच आहे. गडी आणतो, अख्खं बेट खणून काढू. मग साहेबाकडून नवे मुनवे आणतो."

रविवारी त्यांचं धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे वाढायचे, दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. अशा महिन्यात जावयाला नाही म्हणायचं कसं? रुखमाबाईच्या हातात आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पदर खोचला आणि खुरपं घेऊन पडलेल्या केळीचं बूड उकरलं. कंद हातात आला तो भोकांनी चाळण झालेला. आत शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या. डोकं तांबूस, पाय एकही नाही. बाजूला एक काळा, टणक किडा. तांदळातल्या सोंड्यासारखीच लांब सोंड, पण अंगानं चौपट. तिनं बोट लावलं, तर पाय आखडून मेला. ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं मेलेला उठला आणि चालू लागला.

"मुडद्या," रुखमाबाई म्हणाली, "माह्या घरात सोंग करतं!"

मग तिनं एकेक बूड तपासलं. साहेबाच्या बागेतली तिन्ही पार पोकळ. त्यांच्या शेजारच्या केळी पोखरलेल्या, पण फक्त त्या तिघींकडच्या अंगानं. आणि कुंपणाकडच्या, जिथं न्हाणीचं पाणी सगळ्यात आधी पोचायचं, त्या ठणठणीत. चोर कुठून शिरला हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं.

"माय, ह्यांले काही बोलू नको वं," धोंड्यासाठी आधीच माहेरी आलेली देवकी काकुळतीला आली. "धोंड्याचा महिना हाय."

"काहून बोलू? वाण देईन, झालं."

पोखरलेले सगळे कंद तिनं खणून काढले, त्यांचे तुकडे तुकडे करून दूर पत्र्यावर वाळत टाकले. पडलेल्या खोडांचे हातभर तुकडे उभे चिरले आणि चिरलेली बाजू खाली करून चांगल्या केळींच्या बुडाशी ठेवले. खोडाच्या वासानं किडे रात्रीतून त्याखाली जमत. सकाळी तुकडा उलटायचा, वेचायचे, मातीच्या तेलाच्या, म्हणजे रॉकेलच्या, डब्यात टाकायचे. पहिल्या दिवशी मूठभर निघाले, मग दहा-बारा, मग चार. शनिवारी एकच. काही मात्र तिनं तेलात टाकले नाहीत.

रविवारी चंपतराव कुदळवाल्या गड्याला घेऊन आले. पाटाभोवती रांगोळी होती, धोंड्यांवर तुपाची धार होती. रुखमाबाईनं तांब्याचं ताट समोर ठेवलं, दिवा लावला, हात जोडले.

"तेहतीस हायेत. मोजून घ्या."

चंपतरावांनी हसत फडकं उचललं. ताटात लोणच्याची काचेची बरणी होती, तोंडाला मलमल बांधलेली. आत काळे सोंडवाले किडे एकमेकांच्या अंगावर चढत होते. चंपतराव पाटावरून असे उठले की दिवा विझला.

"हे... हे काय, मामी?"

"तुमच्या साहेबाच्या बागेतला माल. विळा लावला नाही, पाहून घ्या."

"तसं नाही मामी, साबणाच्या पाण्यानं जमिनीत जी आम्लता तयार होते, तिच्यामुळे असे..."

रुखमाबाईनं मलमल सोडली, एक किडा तळहातावर घेतला आणि त्याला बोट लावलं. तो पाय आखडून निपचित पडला.

"जवाईबापू, तुमच्या गड्याले मी चहा देऊन वापस पाठवलं. अनारसे देवकीजवळ हायेत, धोंडे गरम हायेत, पोटभर जेवा. पण एक ऐका. हा मेला माह्या केळीचं बूड खाते, चोर हाय पक्का. पण बोट लावलं का गप पडते. तुमच्यात तेवढीही अक्कल नाही!"