व्याह्यांची मड गन

तपासनिसाने भट्टीचं तोंड बुजवणाऱ्या मड गनच्या लोखंडी हातावर कंपन मोजायच्या यंत्राचं चुंबक चिकटवलं आणि व्याह्यांकडे पाहून गोड हसला.

"सावकाश होऊ द्या, व्याहीबुवा," भट्टीचे शिफ्टप्रमुख असलेले व्याही म्हणाले. "चहा सांगू?"

"नको. तुमच्याकडचा चहा आमच्या घरात कुणाला सोसत नाही."

हिवाळ्यात तपासनिसाच्या मुलीने सासऱ्यांना चारचौघांत सांगितलं होतं, की ते घोरतात. सासऱ्यांनी तिला नेसत्या वस्त्रानिशी माहेरी धाडलं. आरोपाची चौकशी झालीच नाही. नवरा त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता. नाडीला फार वेळ लागला.

व्याह्यांच्या शिफ्टला भट्टी कधी थांबली नव्हती. हे ते जेवताना सांगत, लग्नात सांगत, आणि एकदा स्मशानातही सांगून झालं होतं. ते नाक आज कापायचं होतं, तेही नियमात बसवून.

पण यंत्र सहकार्य करेना. ग्रीस ताजं, नळ्या घट्ट, तापमान शहाण्या मुलासारखं. तपासनिसाचा चेहरा उतरत चालला. मग हात जिथे वळतो त्या सांध्यापाशी आकडा उसळला. त्याने पहार लावून पाहिली. जाड पिन पडायला आलेल्या दातासारखी हलली.

भट्टीतून लोखंडाचा रस काढून झाला, की हा हात वळून तिच्या तोंडात मातीचा बोळा कोंबतो. हात बोटभर चुकला तर तोंड मिटत नाही, आणि रस मड गन चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. चालवणारा जावई होता. लिव्हरपाशी खाली मान घालून हातमोजे चढवत होता.

तपासनीस पहार धरून उभा राहिला. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग त्याने पिशवीतून 'चालवू नये' लिहिलेली छोटी लाल पाटी काढून लिव्हरला बांधली.

"हा सूड आहे," व्याही म्हणाले.

"आहेच की. पण पिनही झिजलीय."

"आजवर एकदाही थांबलेली नाही माझी भट्टी!"

"ऐकलंय. बऱ्याचदा."

व्याह्यांनी पाटी सोडून खिशात घातली आणि मुलाकडे वळले.

"चल, रस काढायची वेळ झाली. बघतोस काय? बाप सांगतोय."

जावयाने पिनेकडे पाहिलं. एकेक हातमोजा काढून कठड्यावर ठेवला.

"नाही, बाबा. मी नाही चालवणार."

आवाज चढला नव्हता, तरी भट्टीच्या घरघरीत स्वच्छ ऐकू आला. व्याह्यांनी खिशातली पाटी काढून स्वतःच्या हाताने परत बांधली आणि भट्टी थांबवायला सांगायला निघून गेले. पाठमोरे ते एकदम म्हातारे दिसले. तपासनिसाला वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही.

जावई जवळ आला.

"मामा, वाचवलंत मला. ती... येऊ का तिला न्यायला?"

तपासनीस चुंबक पुसत होता. स्वच्छ झालं तरी पुसतच राहिला.

"त्याला बापापुढे नाही म्हणता येत नाही, बिचारा," तो म्हणाला, "अशी मी इतके दिवस तिची समजूत घालतोय, जावईबापू. आज घरी जाऊन खरं काय ते सांगावं लागेल: म्हणता येतं, स्वतःच्या अंगावर आलं की."