वारसाची नोंद

इस्त्रीच्या दुकानातल्या त्या माणसाला सगळे कायदेपंडित म्हणत. शिक्षण बेताचंच, पण गडी कधी रांग मोडणार नाही, की गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेलं बटणसुद्धा ठेवून घेणार नाही. बायको म्हणायची, "यांना स्वर्गाच्या दारातही आधी पावती लागेल."

बायकोकडे साधा बटणांचा फोन, म्हणून त्यांचा एकुलता एक मुलगा कामावरून स्वतःच्याच ऑनलाइन खात्यात निरोप बोलून ठेवायचा. दुकानाच्या फळीवर त्याचा जुना टॅब असे, त्यावर ती ऐकायची. "आई, उशीर होईल, तू जेवून घे." मग मुलगा अपघातात गेला. निरोप राहिले. रोज दुपारी ती तोच एक निरोप लावायची आणि मगच डबा उघडायची. त्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

कायदेपंडिताच्या जिवाला घोर लागला. मेलेल्याच्या नावावर खातं किती दिवस चालणार? उद्या कुणी बंद केलं तर? वडील गेल्यावर त्याने विजेचा मीटर असाच नावावर करून घेतला होता: मृत्यूचा दाखला दिला, वारस लावला, काम फत्ते. तसाच दाखला त्याने खात्याच्या कंपनीला पाठवला. वारस म्हणून बायकोचं नाव घातलं.

दोन दिवसांनी टॅब पासवर्ड मागू लागला.

"काका, खातेदाराने जिवंतपणी कुणाला नेमलं असेल तरच मिळतं," कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली. "नाहीतर मृत्यू कळवला की खातं कायमचं बंद."

"आणि मी कळवलंच नसतं तर?"

"चालू राहिलं असतं, काका."

घ्या. जन्मभर मिरवलेला प्रामाणिकपणा नेमका इथे नडला. बायकोने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती एकाच शर्टावर पुन्हा पुन्हा पाणी मारत राहिली. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दुपारी तिने इस्त्री उभी ठेवली. "अहो, फोनवर लोक तुमच्या आणि त्याच्या आवाजात फसायचे. एकदा म्हणा ना."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. "आई, उशीर होईल. तू जेवून घे."

ती डोळे मिटून ऐकत होती. "तसं नाही. तो हसत म्हणायचा."

त्याने पुन्हा म्हणून पाहिलं, मग पुन्हा. हसू काही येईना. डबा झाकलेलाच राहिला.