बहिणीपुढचं नाव

मला संशय पटकन येतो, हे आधीच कबूल करते. दूधवाल्यासमोर मी दूध बोटावर घेऊन बघते, पेटीतले खडू मोजून ठेवते. शहाद्याहून खापर गावाच्या पुढं, डोंगरातल्या या आश्रमशाळेत बदली झाल्यापासून तर ही सवय आणखीच वाढली. त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीत येऊन बसलेली रिना मला रिना वाटेना, याचं इथं कुणाला नवल वाटलं नाही.

हजेरीत 'रिना चैत्या वसावे' पुकारलं की ती जरा थांबून 'हजर' म्हणायची. पूर्वीची रिना दंगेखोर, ही खालमानेची. चेहरा तोच, पण अंगानं बारीक. सुट्टीत पोरं वाढतात, ही आखडली कशी?

स्वयंपाकीण तापीबाईंना विचारलं. भात ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "मॅडम, तीच पोर शे हाई. तुमले भलताच वहीम येस." बोलताना माझ्याकडे बघितलं मात्र नाही. झालं! पटपडताळणी तोंडावर आली होती. आकडा भरायला मुख्याध्यापकांनीच कुठून तरी पोर आणून बसवली असणार. सगळ्यांना उघडं पाडायचंच, असं मी ठरवलं.

मंगळवारी सामान्यनाम आणि विशेषनाम शिकवायला घेतलं. "नदी म्हटलं तर कुठलीही नदी. तापी म्हटलं तर ती एकच. आता फळ्यावरच्या सामान्यनामांपुढं आपापल्या घरची विशेषनामं लिहा." मी लिहिलं : गाव, आई, बहीण, भाऊ. शेवटी मुलगी किंवा मुलगा, तिथं स्वतःचं नाव. इतर पोरांसाठी तो अभ्यास होता, तिच्यासाठी सापळा.

ती सापडली. आई – कमलीबाई. बहीण – रिना. मुलगीपुढं जागा कोरी.

जेवणाची घंटा झाल्यावर मी तिला थांबवलं आणि वही पुढ्यात टाकली. "रिना बहीण, मग तू कोण? मुख्याध्यापकांनी आणलं ना तुला?"

ती बाकाची कड नखानं खरवडू लागली. मग म्हणाली, "नाही. आईनं पाठवलं. मी दिवली. रिना मोठी."

"आणि ती कुठं आहे?"

"गुजरातेत. आईबाप ऊस तोडतात, ती बाळ सांभाळते. होळीला येईल. तोपर्यंत तिचं नाव कटू नये म्हणून मी बसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्याशा पोरीवर मी महिनाभर पाळत ठेवली होती.

"तू शाळेत जात नव्हतीस?"

"चौथीपर्यंत. मग शेळ्या."

"इथं आवडतं?"

तिनं घाईघाईनं होकारार्थी मान हलवली. "मग तुझंच नाव घालू या. पाचवीत. मी बोलते मुख्याध्यापकांशी. दिवली चैत्या वसावे, असं."

महिन्याभरात पहिल्यांदा ती हसली. ओठांतल्या ओठांत तिनं ते पूर्ण नाव म्हणूनही पाहिलं. मग हसू थांबलं.

"आणि रिनाचं?"

इथं थाप मारता आली असती. पण त्या डोळ्यांपुढं धीर झाला नाही. "तू दिवली म्हटलं की ती दिवाळीपासून गैरहजर ठरते. तिचं नाव कमी करतील बहुतेक."

तिनं वही ओढून घेतली. दप्तरातून खोडरबर काढलं आणि बहिणीपुढचं 'रिना' कागद चुरगळेपर्यंत खोडलं. तिथं लिहिलं, 'दिवली'. खालच्या कोऱ्या जागेत, मुलगीपुढं, सावकाश लिहिलं, 'रिना'.

"चुकलं होतं, मॅडम," वही माझ्यापुढं सरकवत ती म्हणाली. "आता तपासा."

मी लाल पेन उघडलं. रडू आवरत दोन्ही नावांपुढं बरोबरची खूण केली.