खिडकीचा टेकू

मी ट्रकचा इंजेक्टर बोलतोय. हल्ली खिडकीचा टेकू झालोय, पण ऐकायला कोणी बसलंच आहे तर आधीचंही सांगतो.

इंजिनात आम्ही सहा भाऊ. डिझेलचा बारीक फवारा मारायचा, एवढंच काम. पण आमच्या जिवावर तो अवजड ट्रक चढ चढायचा. माझा नंबर तिसरा. गाडी मालकाची, चालवायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सकाळी गाडी सुरू केली की आधी इंजिनाचा आवाज ऐकायचा, मग चहा प्यायचा.

मालकाला मात्र डिझेलचा फिल्टर बदलायचं जिवावर यायचं. "चालतंय ना? मग चालू दे." त्याचं चालत होतं हो, गाळ आमच्या पोटात जात होता. माझी भोकं झिजली. फवारा सोडाच, मी नुसता गळायला लागलो. गाडी काळा धूर ओकायची आणि डिझेल ढोसायची.

मेहुणा सांगून थकला. "दाजी, एकदा इंजेक्टर बघून घ्या. डिझेल सगळं धुरातून जातंय."

"धुरातून जातंय की तुझ्या कॅनमधून, ते मला चांगलं कळतं," मालक म्हणाला. तेही भरल्या ताटावर, बहिणीसमोर.

बहीण भावाला म्हणाली, "खरं काय ते सांग रे." तिनंही विचारावं, हेच त्याला लागलं. तो ताटावरून उठला, गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि गेला. पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही.

नव्या ड्रायव्हरच्या हातीही गाडी तेवढंच डिझेल प्यायली. तेव्हा कुठे मालकाच्या डोक्यात प्रकाश पडला. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून एकेकाचा पाइप सैल केला. बाकीच्यांचा सोडला की इंजिन अडखळायचं. माझा सोडला, तर इंजिनाला पत्ताच नाही. मग मला बाहेर काढून इंजेक्टर तपासायच्या हातपंपावर लावलं. टपटप गळलो.

"हा घ्या तुमचा डिझेलचोर," मिस्त्री हसून म्हणाला. मालक हसला नाही.

त्यानं मला चिंधीत गुंडाळून घरी नेलं. वाटभर स्वतःशीच घोकत होता, "माझंच चुकलं. बोलावून घे त्याला." मला वाटलं, सुटला बिचारा मेहुणा.

दारात बायकोनं विचारलं, "काय निघालं गाडीत?"

"काही नाही. सर्व्हिसिंग केलं."

"आणि हे काय आणलंत?"

"भंगार आहे. ती खिडकी आपटते ना, तिला टेकू लाव."

जीभ कशी झडली नाही त्याची!

तेव्हापासून रोज सकाळी ती खिडकी उघडते, मला फटीत बसवते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते. शेजारणीला सांगते, "आला आणि कबूल केलं, तर मी माफ करीन हो त्याला."

अगं बाई, त्यानं काही केलंच नाही. चोर तुझ्या हातात आहे. एकदा मला त्या मिस्त्रीपुढे ठेव आणि विचार, हा कुठल्या गाडीतून काढला.

पण ती मला फडक्यानं पुसते, नाकाला पदर लावते आणि म्हणते, "कितीही पुसा, डिझेलचा वास काही जात नाही मेल्याचा."