पांढऱ्या शेताचा शॉट

सिनेमाचा शेवटचा शॉट पांढऱ्या शेताचा होता आणि तो घ्यायला दिपालीकडे एकच रविवार उरला होता. सोमवारी इंदुमावशीला पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला न्यायचं होतं. नंतरच्या औषधांनी केस जातील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सिनेमात मात्र मावशीची कमरेपर्यंतची वेणी पहिल्या शॉटपासून होती.

दिपाली पांढरकवड्याच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. गेली दोन वर्षं मिळेल त्या रविवारी ती हा सिनेमा करत होती. कॅमेरा अरसलानचा. तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा, त्यामुळे लगीनसराईत शूटिंग बंद. नायिका सख्खी मावशी आणि शेत मुकुटबनजवळचं, तिचंच. आवाज रेकॉर्ड करायचा असला की मावशीचे यजमान, घनश्याम मावसाजी, विहिरीवरचा पंप बंद करून येत. दिपालीने एक निर्माता गाठून पाहिला होता. 'नायिका जरा तरुण घ्या,' असं तो म्हणाला, तेव्हापासून तिने तो नाद सोडला. एक बरं झालं, मग कुणाला विचारायचंच उरलं नाही. नागपूरच्या एका महोत्सवाने कच्चा सिनेमा पाहून, शेवट जोडून जानेवारीत पाठवा, असं कळवलं होतं.

शेवट असा होता: बाई मुलाकडे शहरात निघाली आहे. मागे कापसाचं शेत पांढरं फुटलेलं आहे आणि ती वळून न पाहता धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत जाते.

सकाळी साडेसातला अरसलानची गाडी धुऱ्याशी थांबली. दिपाली उतरली ती तशीच उभी राहिली. शेत तपकिरी होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, नुसती रिकामी टरफलं. बुधवारी मावसाजींनी फोनवर फोटो पाठवला, तेव्हा सगळं पांढरं होतं.

इंदुमावशी शेतातून चालत आली. धुतलेलं पातळ, चापूनचोपून वेणी. चेहरा ओढलेला, पण खुशीत.

"पाह्यलं काय? एक बोंड नाई ठेवलं."

"कोणी वेचलं हे, मावशी?"

"मीनं. दोन बाया होत्या संगं. तीन दिवस लागले."

"डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितलंय ना तुला?"

"डॉक्टरचं शेत हाय काय?"

"अगं, शॉट पांढऱ्या शेताचा होता! सांगितलं होतं मी."

"तू सांगतलं, शेताचा शिनिमा निंगनार, नागपूरचे लोकं पाहतीन. मंग? पावने येनार म्हनलं का आंगन झाडत नाई आपन? फुटलेलं शेत दाखवू काय जगाले? म्हनतीन, कोन व हे आळशी बाई."

अरसलानला हसू आलं. "मॅडम, लग्नात असंच होते. कॅमेरावाला येते म्हनून लोक सारा पसारा लपवते, मंग घरच नाई भेटत शूट कराले."

दिपालीला हसता आलं नाही. "ती बाई शेत तसंच टाकून निघून जाते, मावशी. तोच तर सिनेमा आहे."

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं. "पांढरं शेत टाकून कोनी जाते काय व? उद्या मी चालली. गेली काय टाकून?"

शेवट दिपालीने अकरा वेळा लिहिला होता. अकराही वेळा बाई पांढरं शेत टाकून गेली होती.

तोड अरसलाननेच काढली. डावीकडच्या एका तासात कापूस परत बसवायचा, म्हणजे झाडांची ती एकच ओळ भरायची. तेवढंच जवळून घ्यायचं, बाकीचं धूसर करायचं. मावसाजी घरातून कापसाचं गाठोडं घेऊन आले आणि झाडापाशी उकिडवे बसले.

"सारी जिंदगी कापूस काढला," ते म्हणाले, "आज पयल्यांदा घालून राह्यलो."

दिपालीने ठरवून घेतलं, एका झाडाला चार बोंडं. टरफलात कापूस दाबायचा, वाऱ्याने उडाला की पुन्हा दाबायचा. तीसेक झाडं झाल्यावर तिने मागे पाहिलं. मागची झाडं रिकामी होती. मावशी पाठोपाठ येत होती आणि बसवलेला कापूस वेचून ओटीत टाकत होती.

"मावशी!"

"काय करू व, हात रायत नाई."

अरसलान कॅमेऱ्यामागे होता. लाल दिवा चालू होता. दिपालीने थांब म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती पुढच्या झाडाकडे वळली आणि कापूस बसवत राहिली, आता सावकाश. मागून पातळाची सळसळ येत होती. तास संपेपर्यंत ती थांबली नाही, कारण ती थांबली असती तर मावशीही थांबली असती.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मावशी गेली. वेणी शेवटपर्यंत होती.

महोत्सवाला पाठवण्याआधी दिपालीने मावसाजींना सिनेमा दाखवायला बोलावलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, दुपारी, खिडक्यांना पडदे लावून. लॅपटॉपवर अरसलान बसला होता, सिनेमा समोरच्या भिंतीवर. ते ताठ बसून पाहत होते. शेवटच्या शॉटमध्ये मावशी वेचत वेचत कॅमेऱ्याजवळ आली तेव्हा ते म्हणाले, "थांबव. जरा मांगं घे."

अरसलानने मागे घेतलं. मावसाजी उठून भिंतीजवळ गेले आणि त्यांनी उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"हे पाह्य. बोंड रायलं तिचं."

अरसलानने चित्र तिथंच थांबवलं.

"चाळीस वर्सांत तिच्या मांगं बोंड नाई रायलं. वेचनाऱ्या बायाइच्या मांगं सोता फिरून पाहे, एक दिसलं तं त्याइले वापस धाडे." बोट तिथंच होतं. "दिसत नव्हतं काय तिले? का हात पुरत नव्हता? मले बोलली नाई."

दिपालीने निरखून पाहिलं. त्या दिवशी सगळ्यांनी कापूस बसवला तो डावीकडच्या एका तासात. हे बोंड उजवीकडचं, तिसऱ्या तासातलं, जरा धूसर. त्याच्या पाकळ्यांतून कापूस लांब लोंबत होता, झाडावरच फुटून राहिलेला लोंबतो तसा.

"ते मी बसवलेलं, मावसाजी," ती म्हणाली.

"तू?"

"हो. त्या बाजूला पांढरं कमी वाटत होतं."

अरसलानने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मंग बरं," मावसाजी म्हणाले. येऊन खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हनूनच वाकडं बसलं. मले वाटलं..." त्यांनी हाताने भिंतीकडे खूण केली. "लाव आता पुढं."

अरसलान दिपालीच्या कानाशी वाकला. "तो कोपरा कापून टाकू काय, मॅडम? दोन मिनटाचं काम हाय."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."